मिठाची ओंजळ

"पाहू नको माह्या वाफ्याकडं!" विहिरीवरूनच सुभद्राबाई कडाडली.

शेजारच्या मळ्यातली मनकर्णाबाई घागर धरून तशीच उभी राहिली. दोघींची विहीर एक, वीस वर्षांचं येणं-जाणं. "मी काऊन पाहू? माह्याकडं रोपं नाहीत काय?"

"परवा तूच म्हणे, काय भारी आली बाई तुही रोपं! दुसऱ्याच दिवशी माना टाकल्या त्यायनं."

मनकर्णाबाई काही न बोलता, अर्धीच घागर भरून निघून गेली. न बोलणाऱ्याच्या पोटात पाप, अशी सुभद्राबाईची खूणगाठ पक्की होती.

महाराष्ट्राचं राज्य होऊन दोन वर्षं झाली, तलाठ्याचे कागद बदलले. पण उंद्रीच्या शिवारात मिरचीचं रोप पाहावं तर सुभद्राबाईचंच, हे काही बदललं नव्हतं. वाफा गेला तर हंगाम जाणार आणि हा मानही जाणार.

"ऊन लागलं त्यायले, नजर नाही," नवरा रंगराव म्हणाला. पण ऐकेल ती सुभद्राबाई कसली! रोज दिवेलागणीला ती खड्या मिठाची ओंजळ वाफ्यावरून उतरवायची. मीठ विरघळलं की नजर विरघळते. तिची आई ते घागरीत विरघळवायची. हिनं वाफ्याच्या पाण्यातच सोडलं, इलाज जागेवर व्हावा म्हणून.

चार दिवसांत वाफा चिंब ओला आणि रोपं आणखीच मलूल. आता मनकर्णाबाई नुसती खोकली तरी हिला त्यात मंत्र ऐकू यायचा.

पाचव्या दिवशी तिनं कारली चिरली, मीठ चोळून ताटलीत ठेवली आणि भाकरी थापायला बसली. वळून पाहते तो ताटलीत पाणीच पाणी, आणि मघाच्या कडक चकत्या लुळ्या पडलेल्या. पाणी कुणी ओतलं नव्हतं. मिठानंच ते कारल्यातून ओढून काढलं होतं. जन्मभर पाहिलेली गोष्ट, पण आज तिला वाफ्यातलं मीठ आठवलं.

भाकरी तव्यावर टाकून ती वाफ्यात धावली. चिमूटभर ओली माती जिभेवर ठेवली. खारट. पाण्यात उभी असलेली रोपं तिनं आपल्या हातानं तहानेनं मारली होती. तिला रडू कोसळलं.

तशीच ती मनकर्णाबाईच्या मळ्यात गेली. "मनकर्णे, तुही नजर नव्हती वं. मिठानं मेली रोपं. माह्याच हातानं."

मनकर्णाबाईनं ऐकून घेतलं. आपल्या वाफ्यातली रोपं उपटली, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळली आणि जुडी पुढं केली. देताना तिनं पदर डोळ्यांवर ओढून तोंड दुसरीकडं फिरवलं होतं.

"घे," ती म्हणाली. "आता ही तुही झाली. मी पाहत नाही त्यायच्याकडं."