पडद्यावरचा हात

दुसऱ्यांच्या मापांत त्याची चूक कधी होत नसे. छापखान्याचे मिलिमीटर पडद्यावरच्या ठिपक्यांत आणि ते ठिपके पुन्हा मिलिमीटरमध्ये उतरवणे, हाच त्याचा व्यवसाय. परक्या शहरातल्या एका खोलीत दिवसभर त्याच्याशी बोलत ते फक्त आकडे.

थंडी पडू लागली तसा आईचा फोन आला.

"हातमोजे विणतेय. हाताचं माप पाठव."

"अंदाजाने विण ना."

"अंदाज यायला माणूस डोळ्यांसमोर लागतो, बाळा."

फुटपट्टी शोधायचा कंटाळा करून त्याने डावा तळवा पडद्यावरच टेकवला आणि उजव्या हाताने माउस फिरवत त्याभोवती रेघ ओढली. पडदा कोमट होता. कितीतरी दिवसांत त्या तळव्याला दुसरी ऊब लागली नव्हती. रेघ पुरी झाल्यावरही हात उचलायला त्याने उशीर केला. मग फाइल धाकट्या बहिणीला धाडली. 'आहे त्याच मापात छाप,' अशी ताकीद द्यायलाही तो विसरला नाही.

पार्सल आले. मोजे निळे, मऊ, टाक्याला टाका सारखा. पण आत त्याची दोनच बोटे शिरली. त्याने फाइल उघडली आणि कपाळावर हात मारला. त्याच्या पडद्यावर इंचाला एकशे दहा ठिपके होते. फाइलमध्ये सवयीने दीडशे लिहिले गेले होते. तेवढेच ठिपके कागदावर दाटीवाटीने बसले, आणि हात आक्रसून सात वर्षांच्या पोराचा झाला.

रात्र पडायच्या आतच आईने विचारले, "बसले का रे?"

"अगदी मापात."

"थापा मारू नकोस! माझ्या हातात शिरेनात, तुझ्या कसे शिरतील?"

"मग विणलेस कशाला?"

मागून बहीण ओरडली, "मी सांगत होते हिला, दादाचा हात आहे, बाहुलीचा नाही! ऐकेल तर शपथ!"

आई हळूच म्हणाली,

"कागदावर हात ठेवून पाहिला. तुला शाळेत सोडायला जायचे ना, तेव्हा एवढाच होता, माझ्या मुठीत मावायचा. कागद बाजूला ठेववेना. आता खरं माप धाड, लोकर उरलीये."

फोन ठेवून त्याने दीडशे खोडले, एकशे दहा लिहिले. आता हात बरोबर होता. पाठवायचे बटण मात्र दाबवेना. मोज्यात दोन बोटे घालून तो बराच वेळ तसाच बसून राहिला. शेवटी फाइल मिटली आणि बहिणीला लिहिले, 'आईला सांग, लोकर जपून ठेव. माप घेऊन मीच येतोय.'