मास्तरांच्या डब्यातली टकटक

टक्. टक्. टक्.

अर्धी गल्ली दोन्या रुफिनाबाईंच्या खोलीत दाटली होती. सर्व संतांचा दिवस, भर दुपारचे बारा. मेलेली माणसं याच घटकेला घरी येतात, हे एल आल्तो शहरात लहान पोरही सांगेल. टेबलावर त्यांच्यासाठी पावाच्या बाहुल्या, ऊस, पांढरी फुलं. आणि कोपऱ्यात, तीन महिन्यांपूर्वी गेलेल्या त्यांच्या नवऱ्याचा, इलारियोन मास्तरांचा, जुना संगणक कुणी बटण न दाबता सकाळपासून आतून ठोकत होता. आत्ता तर त्याचा दिवा लागला, पंखा कण्हला आणि दोन्ही बंद पडले.

"मास्तर, तुम्हीच ना?" ताता सेवेरो मांत्रिकाने विचारलं.

टक्.

"बायकोला न्यायला आलात?"

टक्.

दोन्या रुफिनांनी क्रूसाची खूण केली.

"आत्मा वायरीतून उतरलाय. आधी पाय, मग डोकं. डोकं अडकलंय," सेवेरो कोकाची पानं उधळत म्हणाला. "उद्या बाराच्या आत डबा टेकडीवर जाळा. नाहीतर हा एकटा परत जायचा नाही."

"जाळा बाई!" शेजारीण कासिमिरा किंचाळली. "जिवापेक्षा डबा मोठा का?"

त्यांची मुलगी बासिलिया डब्यासमोर येऊन उभी राहिली. बाबांनी शेवटच्या वर्षी स्वतःच्या आवाजात वाचलेल्या आयमारा भाषेतल्या चाळीस गोष्टी त्या डब्यात होत्या, आणि दुसरीकडे कुठेच नव्हत्या. पण तीही घाबरली होती. बाबा विचार करताना टेबलावर नख असंच वाजवायचे.

"ताता, त्यांना विचारा, दोन आणि दोन किती?"

"मृतांची परीक्षा घेतेस, पोरी?"

"गणिताचे मास्तर होते ते. विचारा."

सेवेरोने विचारलं. टक्, टक्, टक्, टक्. खोली शहारली. टक्. टक्. टक्.

"सात?" मागून कुणीतरी म्हणालं. "मेल्यावर विसरले वाटतं!"

बासिलियाने प्लग ओढला. ठोकणं थांबलं.

"आत्म्याला वीज लागते होय, ताता?"

तिने मागचे चार स्क्रू काढून पॉवर सप्लाय, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी पेटी, बाहेर घेतला. तो उघडला नाही, कारण त्यात वीज साठून राहते. जाळीतून टॉर्च मारली. कार्निव्हलच्या मंगळवारी बरकत यावी म्हणून बाबा गल्लीतल्या सगळ्यांसारखेच यंत्रावर बिअर शिंपडून रंगीत कपटे उधळायचे. ते कपटे पंख्यात चिकटले होते, आणि हवा कोंडून आतले वीज साठवणारे कपॅसिटर फुगले होते.

ती सगळ्यांना म्हणाली, "हा सुरू व्हायला बघतो, जमत नाही, पुन्हा बघतो. तीच ही टकटक. गारठ्यात मुळीच जमत नाही. दुपारच्या उन्हाने तापला की क्षणभर जमतं. वीज जाऊन आली की आपोआप चालू व्हायचं, हे बाबांनीच लावून ठेवलेलं. पहाटे वीज गेली होती ना?"

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून जुनाच पण धड चालणारा पॉवर सप्लाय आणला. मोठा प्लग, चार तारांचा छोटा, मग डिस्कचा. बटणावर बोट ठेवलं. डिस्कही जळाली असेल तर?

पंखा फिरला. पडदा उजळला. खोलीत बाबा खाकरले आणि कोल्ह्याची गोष्ट सुरू झाली.

"म्हणजे काल ते आलेच नव्हते?" आईने हळूच विचारलं.

"नाही, आई."

हे म्हणणं तिला सगळ्यात जड गेलं. मग ती दारात जमलेल्या बायाबापड्यांकडे वळली. "भीती मलाही वाटली. पण घाबरलेल्या माणसाला कुणीही काहीही जाळायला लावू शकतो. म्हणून घाबरलात, की आधी नीट बघा."