लुगडं वाळत घातलेला वॉकर

झुलाल नानांनी नातीला धुळ्याच्या दवाखान्यातल्या बाकावर उतरवलं आणि भिंतीला पाठ टेकली. शिरपूरहून एसटी, स्टँडवरून रिक्षा, मग हे जिने. दिपमाला आता चांगली अकरा वर्षांची होती, शिवाय पायाभोवती लोखंडी कड्यांचा पिंजरा. नानांच्या कमरेला ते ओझं सोसवत नव्हतं; पण नाना कुणाला बोलले नव्हते.

लहानपणी हाडात पू झाल्याने दिपमालाचा डावा पाय आखूड राहिला होता. डॉक्टरांनी हाड कापून पिंजरा बसवला. त्याचे नट रोज थोडे थोडे फिरवायचे. कापलेल्या जागी फट रुंदावते आणि फटीत नवं हाड धरतं. ते काम नानांनी एकदाही चुकवलं नाही. पाय उजव्याएवढा झाला, नट थांबले. आता नवं हाड घट्ट झालं की पिंजरा निघणार. आज निघेल, अशी नानांची आशा होती.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडावर लावला. "ये गं, तूही बघ. हाड म्हणजे नळी. समोरून एक फोटो, बाजूने एक. दोन्हींत नळीच्या दोन-दोन कडा दिसतात. चारांतल्या तीन कडांना पांढरी, सलग रेघ आली की मी पिंजरा काढते. शोध बघू."

दिपमालाने बोट फिरवलं. "एकच आहे. बाकी ढगासारखं."

"मागच्या वेळीही ढगच होता. रोज चालतेस ना?"

नानाच पुढे झाले. "तिना पाय भुईले टेकू दिधा नही मी, बाई. शाळामा बी खांदावर लई जास."

"आणि चालायला दिलेला वॉकर?"

"त्याच्यावर आजीचं लुगडं वाळतं," दिपमाला म्हणाली.

डॉक्टरबाईंना हसू आलं, पण नानांचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं. "नाना, नट तुम्ही अगदी नीट फिरवलेत. पण नव्या हाडाला अंगाचं वजन लागतं. पायावर भार पडला तरच ते घट्ट होतं. तुमच्या खांद्यावर बसून ते कच्चंच राहिलं."

"म्हंजे मन्हामुळे थांबनं?"

"थांबलं नाही, रेंगाळलंय. वॉकर धरून चालवा. महिन्याने परत बघू."

एसटीत नाना खिडकीबाहेर बघत राहिले.

"नाना, राग उना का?"

"नही वं. थकी गऊ."

घरी त्यांनी तिला ओट्यावर बसवलं. आत जाऊन वॉकरवरचं ओलं लुगडं काढलं. आक्काबाई आजी चुलीपाशी करवादली, "अहो, ते वाळू तरी द्या!" नानांनी लुगडं दोरीवर टाकलं आणि वॉकर नातीपुढे ठेवला.

दिपमाला दांडे धरून उभी राहिली. डावा पाय जमिनीला लागताच तिने ओठ चावला. नानांचे हात आपसूक पुढे गेले. त्यांनी ते मागे घेतले, पाठीशी एकमेकांत घट्ट धरले.

"टेक बेटा," ते म्हणाले. "आजून थोडा टेक."