एकवीस पानं

“कामून एवढा वेळ लागायलाय, अण्णा? आजबी सापडंना का?”

सुभद्राबाई बाकावरूनच विचारत होत्या. सीमाभागातल्या मेहकरहून तालुक्याच्या कचेरीत त्यांची ही चौथी फेरी. नातीला नर्सिंगला जागा मिळाली होती, पण शनिवारपर्यंत जातीचा दाखला हवा होता आणि त्यासाठी तिच्या आजोबांचं, म्हणजे सुभद्राबाईंच्या मालकांचं, रामरावांचं, नाव शाळेच्या जुन्या रजिस्टरात दाखवायला हवं होतं. मूळ रजिस्टरं वाळवीने कधीच संपवली. उरलं ते कचेरीतला कारकून व्यंकट याच्या कॉम्प्युटरात; बारा वर्षांपूर्वी त्यानेच स्कॅन केलेलं.

व्यंकट आताशा खुर्चीत बसतानाच थकलेला असे. ते रजिस्टर त्याने तीनदा बघितलं होतं. चाळिसाव्या पानापासून सगळी पानं सारखीच दिसायला लागत आणि तो डोळ्यांना दोष देऊन उठे. आज त्याने काळ्या पडद्यावर कमांड लिहिली. फोल्डरमधली एकेक फाइल घे, चाळिसाव्या पानाशी ताडून बघ, दोन्ही तंतोतंत एक निघाल्या तरच तिचं नाव दाखव.

चाळिसाव्याचं नाव येणारच होतं. त्याच्याखाली आणखी एकवीस आली.

कागद दोनदा स्कॅन केला तरी दोन फाइली हुबेहूब निघत नाहीत. या कॉपी केलेल्या होत्या, आणि कोणी केल्या ते त्याला लगेच आठवलं. तेव्हा ओल लागून पानं चिकटली होती. वरून रोज फोन यायचा, किती झाली? आकडा जुळला की पुरे, उघडून बघतो कोण? एकच पान एकवीसदा डकवून तो निवांत जेवायला गेला होता. आज त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘नोंद आढळत नाही’ असे छापील फॉर्म टेबलावर पडलेलेच होते. सही ठोकली की सुटला. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती.

“मालक शाळंत गेलते ना, अक्का?”

“व्हय तर! चौथीपतोर.”

त्याने फॉर्म बाजूला सारला. कोऱ्या कागदावर कचेरीच्या भाषेत, कन्नडमध्ये लिहिलं आणि त्यांना मराठीत वाचून दाखवलं. एक्केचाळीस ते एकसष्ट ही पानं मी स्कॅनच केली नाहीत. त्यांत नोंद नव्हती असं नाही. चूक माझी आहे. खाली नाव, हुद्दा, सही.

सुभद्राबाईंनी कागद दोन्ही हातांत घेतला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“ह्याच्यानं पोरीचं काम व्हईल?”

“ठाव न्हाई, अक्का. साहेबाम्होरं ठेवा. बोलावलं तर मी येतो.”

“अन् तुमचं?”

पोच म्हणून सहीसाठी दुसरी प्रत व्यंकटने पुढे केली, आणि सवयीने अंगठ्यासाठी शाईचा पॅडही.

त्यांनी पॅड परत ढकलला आणि त्याच्या हातातला पेन घेतला.

“मराठीत चालती न्हवं?”

“चालती.”

एकेक अक्षर दाबून त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. “ह्येंनीच शिकिवलं,” त्या म्हणाल्या आणि पदर सावरत उठल्या.

ती प्रत फाइलला लावायची होती. व्यंकट ती हातात धरून बसून राहिला.