फुलांनी भरलेली होडी

मी होडी आहे. हॉटेलच्या दारातली फुलांची कुंडी समजून जे माझ्यासोबत फोटो काढून गेले, त्यांनी आता जरा माझं ऐकावं.

वर पडका किल्ला, खाली तळं, मधे आमचं डोंगरातलं गाव. इथल्या सुताराने मला नावाड्यासाठी घडवलं. नावाड्याची लेक माझ्यातच वल्हवायला शिकली. पाहुणे पाण्यातून किल्ला बघायला यायचे आणि हटकून विचारायचे, "वर कोण राहायचं हो?" नावाडी दर फेरीला नवा राजा सांगायचा.

मग मोटारबोटी आल्या. नावाड्याचे खांदेही धरले होते. त्याने मला हॉटेलवाल्याला देऊन टाकलं. हॉटेलवाल्याने माझ्या तळाला भोकं पाडली, पोटात माती भरली आणि फुलं लावली. लेक मोटारबोटीच्या तिकीटखिडकीत बसू लागली. जाता-येता माझ्या काठावरून हात फिरवायची.

एका वर्षी हंगाम संपला, मोटारबोटी दुरुस्तीला पलीकडच्या काठावर गेल्या आणि नेमकी दरड कोसळून रस्ता बंद झाला. त्यातच हॉटेलवाल्याच्या सुनेला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. दवाखाना तळ्यापलीकडे.

लेक धावत आली. "काका, फुलं काढा."

"अगं, तिला भोकं पाडलीत मी."

"तुम्हीच पाडलीत ना? मग तुम्हीच बुजवा."

त्याने बाटल्यांची बुचं ठोकून भोकं बुजवली. फुलांना घातलेल्या रोजच्या पाण्याने माझ्या फळ्या फुगून घट्ट राहिल्या होत्या. मला पाण्यात ढकललं तेव्हा मी थोडी झिरपले, पण तरले. तरणारच होते.

वारा समोरून होता. लेक वल्ही मारत होती, सून गादीवर आडवी, सासरा पातेल्याने पाणी उपसत होता.

"आपण बुडणार तर नाही ना?" त्याने विचारलं.

"बाबा, बोलू नका. उपसा," सून कण्हत म्हणाली.

मधोमध एक बूच उडालं. त्याने बूट काढला, भोकावर टाच दाबली आणि काठ येईपर्यंत हलवली नाही. पाणी बर्फासारखं होतं. ज्या माणसाने मला भोक पाडलं, तोच त्यात पाय घालून बसला होता. माझा राग तिथेच विरला.

दवाखान्यात त्याला नात झाली. दोघी सुखरूप. रस्ता उघडल्यावर त्याने सुताराच्या भाच्याकडून मला नव्या फळ्या बसवून घेतल्या आणि लेकीला म्हणाला, "तुझी तू घेऊन जा. माझ्या दारात आता ती शोभणार नाही."

तिने तिकीटखिडकी सोडली. मोटारबोटी आजही आमच्या पुढे निघून जातात, जाऊ देत. ज्यांना निवांत बघायचंय, ते माझ्याकडे येतात.

थोडी कुरकुरते मी, तेवढं चालवून घ्या. बसताना मधे बसा आणि फोटोसाठी उभे राहू नका. बरं, लेकीने दोर सोडलाय. निघते.