वाऱ्याची वाटणी

जोतीराम माझा धाकटा दीर. त्याचं नाव घेतलं की अजून डोकं फिरतंय माझं, पण सांगायला बसले तर घ्यावंच लागतंय.

आमची विहीर सामाईक. चार दिस पाणी त्याला, चार दिस मला. त्यातबी त्यो घटकाभर जास्ती घेतो का काय, म्हणून मी बांधावर उभी राहून बघायची. पंचाहत्तर साली सोलापूरच्या कालिजातलं महादेवप्पा सर आलं. त्येंनी आमच्या माळावर भला मोठा पंखा उभा केला. वाऱ्यानं पंखा फिरणार, त्यातनं वीज व्हणार, विजेवर विहिरीतली मोटार चालणार.

सर म्हणालं, "वारा विचारून येत नाही. तो सुटला की ज्याच्या पिकाला तहान जास्त, त्याने आधी पाणी घ्यावं."

"आन् तहान कुणाची जास्त, ह्ये कोण ठरवणार? जोत्या?" मी म्हनलं. "न्हाय हो. विहिरीगत चार-चार दिसांची पाळी लावा. कागदावर लिवा."

सरांनी लई समजावलं. मी ऐकलं न्हाय. शेवटी लिवलं, मी अंगठा दिला. जाताना सरांनी बजावलं, "जोराच्या वाऱ्यात मोटार एकदम बंद करू नका. भार सुटला की पंखा बेफाम होतो. आधी ब्रेक ओढा, मग बटण."

चैत लागला. माझा पानमळा भरात आलेला. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं पानवालं माझ्याच पानांची वाट बघायचं. आन् माझ्या पाळीचं चारी दिस वारा मेल्यावानी पडून! घागरी वाहून वाहून कंबर मोडली. पाचव्या दिशी जोत्याची पाळी लागली आन् असा वारा सुटला की डोस्क्यावर पदर ठरंना. त्याच्या बैलांच्या चाऱ्याला, कडवळाला पाणी, बांधाला पाणी, वाटंलाबी पाणी! हितं माझं वेल माना टाकून उभं.

मी गेले. "दोन तास दे. नुसतं वाया चाललंय."

"कागद तुमीच लिवून घेतला की, वैनी," त्यो म्हणाला. "पाळी म्हंजे पाळी."

"मुडद्या, वारा काय तुझ्या बापानं आणला व्हय?"

"बापाला काढू नका. तुमचा सासरा हाय त्यो."

तीन दिस असंच. चौथ्या दुपारी वेलांचं शेंडं काळं पडल्यालं बघितलं आन् माझा तोल गेला. विहिरीवरच्या खोपटात शिरले आन् बटण खाली ओढलं. मला न्हाय तर तुलाबी न्हाय! ब्रेकची आठवण झाली न्हाय. खोटं कशाला बोलू, झाली व्हती.

पंखा असा घुमला की माळावरची मेंढरं उधळली. एक पातं तुटून कडवळात पडलं, मग सगळा सांगाडाच वाकला. जोत्या पळत आला. खोपटाच्या दारात मी उभी.

दुसऱ्या दिशी सर आलं. अर्धं गाव जमलं. सरांनी विचारलं, "मोटार कोणी बंद केली?"

मी तोंड उघडणार तवर जोत्या म्हणाला, "म्या. पाळी माजी व्हती."

मेल्यानं माझा गुन्हासुदीक आपल्या वाट्याला ओढला! मला असा संताप आला की तितंच त्याला फाडून खावं.

सर एवढंच म्हणालं, "पंखा उतरवून नेतो." आन् गेलं.

आता पाळी माझी, पण मोटार कशावर चालणार? वेल आणखी दोन दिस तग धरतील, लई झालं. विहिरीतनं मोट वढायला बैल पायजेत आन् ते फकस्त जोत्याकडं. माझ्या पाळीचे चार दिस घागरी वाहिल्या त्या त्याच्याफुडं हात पसरायला लागू नये म्हणूनच.

"बैल पायजेत?" त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. "मग मागा."

मालक गेल्यापासनं अकरा वर्सं मी त्याला 'जोत्या'बिगर दुसरी हाक मारली नव्हती. खाली मान घालून म्हनलं, "भावजी, बैल द्या."

"ऐकू आलं न्हाय, वैनी. पुन्यांदा म्हणा."

मी पुन्यांदा म्हनलं.