तुपाची पळी आणि आसारामचा हात

मित्रांनो, मी पळी. पितळेची, तुपाची आणि आता बरीच जुनी. तलवारी आपली कहाणी सांगतात तेव्हा लढाया सांगतात. मला फक्त जेवणं सांगता येतात. पण एकदा जेवणातच लढाई झाली, म्हणून तोंड उघडते आहे.

बीडच्या एका तांबटानं मला घडवलं. त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती. माझ्यावर जेवढे ठोके पडले, त्यातले निम्मे त्या दाढेसाठी होते. तरी माझी वाटी गोल उतरली, दांडा सरळ आला. दाढेचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही.

तिथून मी आष्टीला, रतनबाईंच्या खानावळीत आले. तेव्हा निजाम सरकारचं राज्य होतं. कचेरीत तारखेला आलेली माणसं दुपारी आमच्याकडं जेवायची. भाकरी, वरण, येसराची आमटी, ठेचा आणि शेवटी मी. मी पंगतीत शिरले की बोलणं थांबायचं. एका देशमुखाला तर मला पाहून उचकी लागायची. एवढा मान कचेरीतल्या साहेबालाही नव्हता. मी फार फुगले होते.

मला धरणारा हात आसारामचा. तो तिथला वाढपी. त्याला पगार नव्हता. दोन वेळचं जेवण, आणि गिऱ्हाईक खुशीनं देईल ते बक्षीस. आमच्याकडं हे बक्षीस जेवणानंतर देत नसत. पाटावर बसल्याबसल्याच ढबू पैसा ताटाच्या कडेखाली सरकवायचा, अशी रीत होती. खाण्याआधीच खूश व्हायचं! पैसा दिसला की आसाराम मला तपेलीत गळ्यापर्यंत बुडवायचा. नाही दिसला की मी नुसती तुपाला टेकून यायचे. मग भाकरीवर एक थेंब पडायचा, तोही विचार करून.

एके दिवशी म्हाळू जेवायला बसला. म्हाळू म्हशी राखायचा. आमच्या खानावळीत तूप यायचं ते त्याच्याच घरचं. आजवर तो मागच्या दारानं तूप देऊन जायचा. त्या दिवशी चराईच्या अर्जासाठी कचेरीत आला होता, म्हणून पहिल्यांदाच पाटावर बसला. ताटाचे पैसे त्यानं दिले. कडेखालची रीत त्याला ठाऊक नव्हती.

त्याच्या भाकरीवर एक थेंब पडला. म्हाळूनं थेंबाकडं पाहिलं. थेंबानं म्हाळूकडं पाहिलं. दोघांची ओळख जुनी होती.

"आसाराम, ह्ये तूप कुणाचं हाय?"

"तुजंच हाय की."

"मंग सरकारी खजिन्यातलं असल्यावानी का म्हून नुसतं दाखवतोस बे?"

"तूप तुजं, पर हात माजा हाय. त्या हाताला काय मिळतं, ते बी इचार की!"

पंगतीतले घास अधांतरी थांबले. रतनबाई चुलीपासून उठून बाहेर आल्या. झाला प्रकार ऐकला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या दारात तूपवाल्यालाच तूप मिळालं नव्हतं.

"उद्यापासनं ताटाखाली कुणी पैसा ठेवायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "समद्यांना सारखं वाढायचं."

"वाढतो की, बाई," आसाराम म्हणाला. "मंग मला पगार द्या."

"पगार? अन् दोन येळा जेवतोस ते?"

"मी जेवतो हो. बायकू सत्यभामा अन् म्हातारी आई, त्यांनी काय खायचं? माजे ढेकर?"

रतनबाई पदराला हात पुसू लागल्या.

"शुक्रवारी कचेरी बंद असती," आसारामचा आवाज खाली आला. "गिऱ्हाईक न्हाई, बक्षीस न्हाई. त्या दिवशी घरी चूल पेटत न्हाई, बाई. म्हातारी इचारती, आज उपास कोन्या देवाचा हाय रं? दर येळेस नवा देव कुठून आणू?"

अर्ज लिहिणारा मुन्शी राधाकिशन मोठ्यानं म्हणाला, "रतनबाई, पगार द्यायलाच पायजे. इन्साफाची गोष्ट हाय!"

"देते. पर मंग ताटामागं एक पैसा वाढंल."

"इन्साफ असा घाईनं करू नये," मुन्शी म्हणाला आणि त्यानं भाकरी मोडली.

बाकीची पंगतही एकदम आमटीत गुंतली. आसारामनं थोडा वेळ वाट पाहिली. मग मला तपेलीत ठेवलं, हात धुतले आणि तो निघून गेला. मित्रांनो, मी तुपात उभी होते, पण मला पहिल्यांदाच कोरडं कोरडं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रतनबाईंनी स्वतः पदर खोचला. म्हाळूही पंगतीत होता, कारण कचेरी माणसाला एका दिवसात सोडत नसे. पहिल्या तिघांना बाईंनी अगदी सारखं वाढलं. चौथा तेलगावचा एक कापसाचा व्यापारी होता. नवा हुकूम त्याच्या कानावर गेला नव्हता. त्यानं सवयीनं पैसा कडेखाली सरकवला.

आणि मी गळ्यापर्यंत बुडाले.

बाईंनी मला मुद्दाम बुडवलं नव्हतं. हात आपोआप गेला. व्यापाऱ्याच्या भाकरीवर तुपाचं तळं झालं, तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी आधी हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी काय बोलणार?

म्हाळू हळूच म्हणाला, "बाई, तुमचा हात तर खानावळीचा मालक हाय. त्याची ही गत. मंग आसारामचा तर उपाशी व्हता."

रतनबाईंनी तो पैसा उचलून व्यापाऱ्याच्या हातावर ठेवला.

"म्हाळू, जाताना आसारामच्या घरावरनं जा. म्हणावं, म्हैन्याला चार रुपये. शुक्रवार धरून. अन् ताट एक पैशानं म्हाग झालंय. ज्याला परवडत न्हाई, त्यानं आत्ताच उठावं."

कुणी उठलं नाही. भाकरी गरम होती. मुन्शी मात्र दुसऱ्या दिवसापासून रुसून घरी जेवू लागला. नवव्या दिवशी परत आला आणि म्हणाला, घरी वाद घालायला माणसं कमी पडतात.

आसाराम कामावर आला, पण माझा रुबाब गेला. प्रत्येकाला अर्धी पळी. मी आले काय, गेले काय, लोक बोलतच राहायचे. देशमुखाची उचकीसुद्धा बंद झाली. मी महिनाभर मनात कुढत होते. मग एकदा माझ्या ध्यानात आलं, की लोक माझ्याकडं कौतुकानं नाही, धास्तीनं पाहायचे.

पहिला पगार झाला, तेव्हा आसारामनं तीन ताटांचे पैसे मोजले आणि सत्यभामेला आणि म्हातारीला घेऊन तो पाटावर बसला. रतनबाईंनी वाढलं. म्हातारीनं भाकरी चुरली, चाखली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, आणिक थोडं तूप वाढा की."

त्या खानावळीत मोठ्यानं तूप मागणारं ते पहिलं माणूस. बाईंनी मला पुन्हा बुडवलं.

मित्रांनो, आता माझा दांडा हलतो आणि मी खुंटीवरच असते. कधी चिंच लावून घासलंत तर बरं वाटेल, नाही घासलंत तरी चालेल. पण तुम्हाला जो वाढतो, त्याला विसरू नका. खूश झालात तर बक्षीस जरूर द्या. फक्त ते घेणारा माणूस आधी जेवलेला असू द्या.